सिएरा क्लब : पर्वत वाचले, किंमत कोणी मोजली?

१/ निसर्गसंरक्षणाच्या इतिहासातील एक कथा गेली शंभर वर्षे सांगितली जात आहे. जॉन म्यूर नावाचा दाढीवाला ऋषी, कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतराजी, हेच हेची नावाचे रम्य खोरे आणि त्यावर धरण बांधणारे लोभी शहर. ऋषी हरला, खोरे बुडाले; पण त्याने स्थापलेल्या सिएरा क्लबने पुढे एकामागून एक लढाया जिंकल्या. कथा सुबक आहे. अडचण एवढीच की तिच्यातला पराभव पुरता पराभव नव्हता आणि तिच्यातले विजय पुरते विजय नव्हते. #थ्रेड

२/ अलीकडे या कथेची उलटी आवृत्तीही लोकप्रिय झाली आहे. म्यूर वंशवादी होता, म्हणून क्लब म्हणजे गोऱ्या सुखवस्तूंचे विरंगुळा-मंडळ, आणि निसर्गसंरक्षण म्हणजे निव्वळ ढोंग! ही आवृत्ती पहिलीइतकीच आळशी आहे. एक पुतळ्याला हार घालते, दुसरी पुतळा पाडते; दप्तर आणि नकाशा दोघींपैकी एकही उघडत नाही. दप्तर उघडले की दिसते ते असे : क्लबने पर्वत खरोखर वाचवले. परंतु त्याने तेच वाचवले, जे त्याच्या सभासदांच्या पायाखालून गेले होते. जे त्यांनी पाहिले नव्हते, ते सौद्यात गेले.

३/ आधी स्थापना. २८ मे १८९२, सॅन फ्रान्सिस्को. वॉरन ऑल्नी नावाच्या वकिलाच्या कचेरीत क्लब जन्मला. म्यूर पहिला अध्यक्ष झाला आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिला. संस्थापक सभासद १८२. त्यांत बर्कली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतील प्राध्यापक, वकील आणि शहरातील प्रतिष्ठित मंडळी. उद्देश दोन : पर्वतात भटकंती सुलभ करणे आणि त्या पर्वतांचे रक्षण करणे. हे दोन उद्देश एकच आहेत, असे त्या सर्वांना मनापासून वाटत होते. पुढील सगळा घोळ या प्रामाणिक समजुतीत दडलेला आहे.

४/ पहिले काम लगेच पुढे आले. १ ऑक्टोबर १८९० रोजी योसेमिटी राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले होते. १८९२ मध्येच त्याच्या सीमा आखडून घेणारे कॅमिनेटी विधेयक काँग्रेसपुढे आले. क्लबने त्याला विरोध केला आणि ते बारगळले. योसेमिटीचे मुख्य खोरे १८६४ पासून कॅलिफोर्निया राज्याच्या ताब्यात होते आणि त्याची देखभाल हलाखीची होती. ते संघराज्य सरकारकडे परत जावे, यासाठी क्लबने दीर्घ मोहीम चालवली आणि १९०६ मध्ये ती यशस्वी झाली. ढोंगी मंडळे असली चिकाटीची, कंटाळवाणी, कागदी कामे करीत नाहीत.

५/ १९०१ मध्ये क्लबचा चिटणीस विल्यम कोल्बी याने वार्षिक सामुदायिक पर्वतसहली सुरू केल्या. त्यामागे सरळ राजकीय गणित होते : ज्याने पर्वत पाहिला तो पर्वतासाठी पत्र लिहील, सभेत बोलेल, मत देईल. गणित अचूक ठरले. क्लबची पुढील सारी शक्ती या पदयात्रांतून आली. पण याच गणिताची दुसरी बाजू कोणी मांडली नाही. ज्या जागी सहल गेली नाही, तिच्यासाठी पत्र लिहिणार कोण?

६/ आता हेच हेची. योसेमिटीच्या उत्तरेस, टुओलम्नी नदीवरील हे खोरे. दोन्ही बाजूंस ग्रॅनाइटचे कडे, त्यांवरून कोसळणारा वापामा धबधबा, तळाशी सपाट कुरणे आणि ओकची झाडे. हे सारे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत. सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर जेम्स फेलन याने १९०१ मध्ये तेथील पाण्यासाठी अर्ज केला. अंतर्गत व्यवहार खात्याने तो १९०३ मध्ये फेटाळला. राष्ट्रीय उद्यानाचा अर्थ त्या वेळी तरी सरकारला समजत होता.

७/ मग १८ एप्रिल १९०६ चा भूकंप आला. शहर हादरले आणि नंतर दिवसेंदिवस जळत राहिले. आग विझवायला पाणी मिळाले नाही, हे खरे; पण त्याचे कारण शहराखालच्या नळवाहिन्या फुटल्या होत्या, हे होते. डोंगरातले पाणी कमी पडले म्हणून शहर जळाले नाही. तरीही जळालेल्या शहराचे चित्र कोणत्याही युक्तिवादापेक्षा प्रभावी ठरते. १९०८ मध्ये नवे मंत्री जेम्स गारफील्ड यांनी परवानगी दिली.

८/ धरणवाद्यांना लोभी म्हणणे मात्र सोयीचे आणि चुकीचे आहे. शहराचा पाणीपुरवठा स्प्रिंग व्हॅली वॉटर कंपनी या खासगी कंपनीच्या हाती होता. तिच्या मक्तेदारीतून सुटून पाणी आणि वीज लोकांच्या मालकीची व्हावी, ही मागणी त्या काळच्या सुधारणावाद्यांची होती. गिफर्ड पिंचो हा वनखात्याचा प्रमुख याच विचाराचा. म्हणजे लढाई सज्जन आणि दुर्जन यांच्यात झाली नाही. दोन सार्वजनिक हितांमध्ये झाली. अशा लढाया समजून घेणे अवघड असते, म्हणूनच कथा सोपी करून सांगितली जाते.

९/ याचा पुरावा खुद्द क्लबच्या दप्तरात आहे. ज्याच्या कचेरीत क्लब जन्मला, तो वॉरन ऑल्नी पुढे ओकलंडचा महापौर झाला, धरणाच्या बाजूने उभा राहिला आणि क्लबमधून बाहेर पडला. मतभेद इतके वाढले की १९१० मध्ये सभासदांचे मतदान घ्यावे लागले. खोरे वाचवावे या बाजूने ५८९ मते, धरणाच्या बाजूने १६१. पाचात एकाहून अधिक सभासद धरणवादी! 'संपूर्ण क्लब ऋषीच्या पाठीशी उभा राहिला' हे वाक्य यापुढे कोणी लिहू नये.

१०/ आणि क्लबने बाजू कशी मांडली? आजच्या वाचकाला वाटेल की 'निसर्ग निसर्गासाठी राहू द्या' असे काही म्हटले असेल. प्रत्यक्षात मुख्य युक्तिवाद पर्यटनाचा होता : योसेमिटीचे मुख्य खोरे गर्दीने भरत आहे, हेच हेचीपर्यंत रस्ता झाला तर तेथेही हजारो लोक येतील, मुक्काम करतील, ताजेतवाने होऊन परततील. धरणवाद्यांचे उत्तर तयार होते : आज तेथे कितीसे लोक जातात? हा प्रश्न झोंबणारा होता, कारण क्लबने आपला खटलाच पाहणाऱ्यांच्या संख्येवर उभा केला होता.

११/ दोन्ही पक्षांनी ज्यांची दखल घेतली नाही, ते त्या खोऱ्याचे जुने जाणकार. 'हेच हेची' हे नावच मिवोक भाषेतून आलेले. खाण्याजोग्या बियांच्या गवतावरून ते पडले असे मानले जाते. येथील आदिवासी समूह ठरावीक काळाने गवताला आग लावीत, ओकची फळे गोळा करीत. ज्या मोकळ्या कुरणांना पाहून म्यूर भारावला, ती त्यांच्या शतकानुशतकांच्या कामाचे फळ होती. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियनने योसेमिटी खोऱ्यात शिरून आवानीची लोकांना हुसकावले. चाळीस वर्षांनंतर त्याच प्रदेशाला 'अस्पर्शित' म्हणून राष्ट्रीय उद्यान करण्यात आले.

१२/ १९१३. सिनेटमध्ये ४३ विरुद्ध २५ मतांनी रेकर विधेयक मंजूर झाले. १९ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी सही केली. वर्षभराने, २४ डिसेंबर १९१४ रोजी म्यूर वारला. ओ'शॉनेसी धरण १९२३ मध्ये पूर्ण झाले, पाणी शहराजवळ पोचायला १९३४ उजाडले. आज सॅन फ्रान्सिस्को परिसरातील सुमारे २७ लाख लोक हे पाणी पितात. कथाकार येथे 'पराभव' असे लिहून पान उलटतात. थोडे थांबायला हवे.

१३/ कारण याच पराभवाने कायदा घडवला. राष्ट्रीय उद्यानांची जबाबदारी एका खात्याकडे नाही, म्हणूनच ती अशी काढून घेता येतात, हे देशभर उमगले. २५ ऑगस्ट १९१६ रोजी राष्ट्रीय उद्यान सेवेचा कायदा झाला. उद्याने पुढील पिढ्यांसाठी अबाधित राखण्याचे बंधन त्यात घातले गेले. सेवेचा पहिला संचालक स्टीफन मॅदर हा सिएरा क्लबचाच सभासद. हेच हेचीनंतर कोणत्याही मोठ्या राष्ट्रीय उद्यानात त्या तोडीचे धरण उभे करणे कोणाला जमले नाही. खोरे गेले, त्या जाण्याने बाकीच्यांना कुंपण मिळाले.

१४/ आणि विजेत्यांनी काय केले? रेकर कायद्यात अट होती की या धरणाची वीज खासगी कंपनीला विकायची नाही. सार्वजनिक मालकीचा सारा युक्तिवाद त्या अटीवर तोललेला होता. शहराने १९२५ पासून ती वीज एका खासगी वीज कंपनीमार्फतच विकली. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायद्याचा भंग असल्याचा निवाडा दिला. खोरे ज्या तत्त्वासाठी बुडवले, ते तत्त्व पाणी शहरात पोचण्याआधीच बुडाले होते.

१५/ आता क्लबचा 'सर्वांत मोठा विजय'. १९५० मध्ये सरकारने कोलोराडो नदीच्या खोऱ्यात धरणांची मालिका आखली. त्यांतील एक एको पार्क येथे, डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत, ग्रीन आणि याम्पा नद्यांच्या संगमाजवळ. हेच हेचीची पुनरावृत्ती होणार, हे उघड होते. १९५२ मध्ये क्लबने डेव्हिड ब्राउअर याला पहिला कार्यकारी संचालक नेमले. गिर्यारोहक, संपादक, जिद्दी. त्याने पर्वतसहलींचे जुने गणित नदीवर लागू केले : सभासदांना नावांत बसवून एको पार्क दाखवले, चित्रफीत काढली, पुस्तक काढले.

१६/ जानेवारी १९५४ मध्ये काँग्रेसच्या उपसमितीपुढे ब्राउअरने साध्या शालेय अंकगणिताने जलसंधारण खात्याचे बाष्पीभवनाचे आकडे खोटे ठरवले. खात्याला पुढे चूक मान्य करावी लागली. अभियंत्यांच्या बालेकिल्ल्यात एका हौशी माणसाने मारलेली ही धडक आजही रोमांचक वाटते. ११ एप्रिल १९५६ रोजी कायदा झाला. एको पार्कचे धरण वगळले गेले, आणि या प्रकल्पातील कोणतेही धरण वा जलाशय राष्ट्रीय उद्यानात किंवा स्मारकात येणार नाही, असे लिहिले गेले. येथे बहुतेक थ्रेड टाळ्यांच्या गजरात संपतात.

१७/ पण ब्राउअरच्या अंकगणिताचा दुसरा भागही वाचायला हवा. एको पार्क नको तर साठा करायचा कोठे? त्याचे उत्तर : ग्लेन कॅन्यनचे धरण तसेही होणारच आहे, ते अधिक उंच बांधा. ग्लेन कॅन्यन राष्ट्रीय उद्यान नव्हते, स्मारकही नव्हते. क्लबची सहल तेथे गेली नव्हती. ब्राउअरने ते डोळ्यांनी पाहिले नव्हते. त्याने नकाशावरील एक अनोळखी जागा देऊन ओळखीची जागा सोडवली. १९५६ च्या कायद्याने ग्लेन कॅन्यनला मंजुरी दिली आणि क्लबने आपला विरोध मागे घेतला.

१८/ निर्णय झाल्यावर ब्राउअर तेथे गेला. लाल वालुकाश्माच्या अरुंद घळी, त्यांत झिरपणारे झरे, नेच्यांनी मढलेल्या भिंती, शांत वाहणारी नदी. एको पार्कहून हे कितीतरी थोर होते, हे त्याला उशिरा कळले. १९६३ मध्ये धरणाची दारे बंद झाली. त्याच वर्षी क्लबने एलियट पोर्टरच्या छायाचित्रांचे पुस्तक काढले आणि त्याच्या प्रस्तावनेत ब्राउअरने या मृत्यूचा दोष अंशतः स्वतःकडे घेतला. पुढाऱ्यांच्या इतिहासात अशी जाहीर कबुली विरळा. तिचा मान राखूनच पुढचे बोलले पाहिजे.

१९/ त्या पुस्तकाच्या शीर्षकाचा अर्थ होतो : 'जी जागा कोणालाच ठाऊक नव्हती'. कोणालाच? नॅव्हाहो, यूट आणि पाय्यूट लोकांना ती पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. प्राचीन प्वेब्लो लोकांची घरे, धान्याच्या कोठ्या, खडकांवरील चित्रे अशी शेकडो पुरास्थळे त्या घळींमध्ये होती; धरणाचे पाणी चढण्यापूर्वी पुराविदांनी धावपळ करून त्यांची नोंद केली. म्हणजे 'कोणालाच' या शब्दाचा खरा अर्थ 'सभासदांपैकी कोणालाच' असा होता. पश्चात्तापातही दृष्टी सभासदयादीपलीकडे गेली नाही.

२०/ जवळच्या रेनबो ब्रिज या नैसर्गिक पाषाणकमानीचे उदाहरण घ्या. ते १९१० पासून राष्ट्रीय स्मारक आणि नॅव्हाहोंचे पवित्र स्थान. १९५६ च्या कायद्यात त्याच्या संरक्षणाची तरतूद होती. काँग्रेसने त्यासाठी पैसाच दिला नाही आणि १९७० च्या दशकात जलाशय कमानीखाली शिरला. पर्यावरणवादी १९७३ मध्ये अपिलात हरले. आपल्या उपासनेचा हक्क मागणारे नॅव्हाहो १९८० मध्ये हरले. ज्या कायद्याला 'उद्यानांचा विजय' म्हटले जाते, त्याच कायद्याच्या जलाशयाने एक राष्ट्रीय स्मारक ओले केले.

२१/ पुढे ग्रँड कॅन्यन. मार्बल कॅन्यन आणि ब्रिज कॅन्यन येथे दोन धरणे प्रस्तावित झाली. जून १९६६ मध्ये क्लबने मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. दुसऱ्याच दिवशी प्राप्तिकर खात्याने क्लबला मिळणाऱ्या देणग्यांवरील करसवलतीविरुद्ध पाऊल उचलले. परिणाम उलटा झाला. लोक चिडले आणि सभासदसंख्या झपाट्याने वाढली. १९६८ चा कायदा धरणांविना झाला. या लढ्यात क्लबने धैर्य दाखवले, आर्थिक झळ सोसली. ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

२२/ परंतु धरणांची वीज वाळवंटातून ॲरिझोनाच्या शहरांकडे पाणी चढवण्यासाठी हवी होती आणि पाण्याची योजना रद्द झाली नव्हती. मग ती वीज कोठून येणार? क्लबच्या बाजूच्या तज्ज्ञांनी कोळसा आणि अणुऊर्जा स्वस्त पडतील असे दाखवले होते. सरकारने कोळसा निवडला. नॅव्हाहो भूमीवर, पेजजवळ, २,२५० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे राहिले आणि १९७४ पासून धूर ओकू लागले. त्याचा कोळसा नॅव्हाहो आणि होपी लोकांच्या ब्लॅक मेसा पठारातून येई. ते नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद पडले.

२३/ ज्या भूमीतून कोळसा निघाला, तेथील हजारो नॅव्हाहो घरांत तारा पोचल्याच नव्हत्या. त्याच पठारावरच्या दुसऱ्या खाणीचा कोळसा भूगर्भातील पाण्यात कालवून नळाने दूरच्या केंद्राला पाठवला जाई. वाळवंटातल्या लोकांचे पिण्याचे पाणी कोळसा वाहायला! केंद्र उभारण्याचा निर्णय क्लबचा नव्हता, आणि नंतर क्लबने या प्रदूषणाविरुद्ध लढेही दिले. तरीही हिशेब स्पष्ट आहे : ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर उभे राहून दिसणारे दृश्य वाचले, आणि त्याचे बिल कड्यावरून न दिसणाऱ्या गावांच्या नावावर फाडले गेले.

२४/ येथे नेहमीचा आक्षेप येतो : 'आजच्या मूल्यांनी कालच्या माणसांना जोखू नका.' आक्षेप योग्य, पण येथे गैरलागू. ब्रिज कॅन्यनचे धरण ह्वालापाई जमातीच्या भूमीला लागून होणार होते. उत्पन्नाची आशा म्हणून जमातीने धरणाला उघड पाठिंबा दिला. ते १९६० च्या दशकात बोलत होते, २०२० मध्ये नव्हे. त्यांचे म्हणणे पटो वा न पटो, ते ऐकायला कालयंत्राची गरज नव्हती. मुळशीचा १९२१ चा सत्याग्रह ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तर हे सांगायलाच नको, की धरणाविषयी पहिला शब्द त्या जमिनीवर राहणाऱ्याचा असतो.

२५/ सभासदांनी पाहिलेले तेवढेच खरे, हे तत्त्व पुढे न्यायालयातही उमटले. मिनरल किंग या सिएरातील खोऱ्यात डिस्ने कंपनीचे बर्फक्रीडा-केंद्र होणार होते. क्लब न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितले की निव्वळ आस्था पुरेशी नाही. आपले सभासद त्या जागेचा वापर करतात आणि त्यांचे नुकसान होईल, असे क्लबने मांडलेच नाही. न्या. डग्लस यांनी भिन्नमतात विचारले की नदी वा दरी यांना स्वतःच्या नावाने दाद का मागता येऊ नये? क्लबने दावा दुरुस्त केला. १९७८ मध्ये ते खोरे सेक्वोया राष्ट्रीय उद्यानात गेले.

२६/ आता म्यूर. जुलै २०२० मध्ये क्लबच्या नेतृत्वाने त्याच्या वंशवादी लेखनाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पुढे क्लबच्या संचालक मंडळातीलच काहींनी त्या निवेदनाला आक्षेप घेतला. म्यूरने तरुणपणी आदिवासींविषयी हिणकस लिहिले, हे खरे. अलास्कात त्लिंगिट लोकांबरोबर राहिल्यावर त्याची भाषा बदलली, हेही खरे. पण वाद म्यूरच्या अंतःकरणाभोवती फिरत राहिला, की ग्लेन कॅन्यन आणि ब्लॅक मेसा यांचा विषयच निघत नाही. मृत संस्थापकाला दोष देणे स्वस्त पडते. संस्थेने केलेल्या सौद्यांची वही उघडणे महाग.

२७/ योसेमिटीतच पाहा. राष्ट्रीय उद्यान झाल्यानंतरही काही आदिवासी कुटुंबे खोऱ्यात राहून नोकरी करीत होती. त्यांची वस्ती उद्यान प्रशासनाने टप्प्याटप्प्याने कमी केली. उरलेली घरे १९६९ मध्ये नष्ट केली गेली. शेवटचा रहिवासी १९९६ मध्ये बाहेर पडला. तोवर म्यूरला जाऊन ८२ वर्षे झाली होती. हे त्याचे पाप नव्हे; 'रिकामा पर्वत म्हणजेच शुद्ध पर्वत' या समजुतीचे पाप होते. माणूस मेला तरी समजूत मरत नाही, म्हणून इतिहासाने माणसांपेक्षा समजुतींचा पाठलाग करावा.

२८/ मग निष्कर्ष काय? सिएरा क्लब नसता तर एको पार्क बुडाले असते, ग्रँड कॅन्यनमध्ये जलाशय असता, उद्यानांच्या सीमा कुरतडल्या गेल्या असत्या. हे ऋण पक्के आहे. परंतु कोणत्याही संरक्षण-संस्थेचा 'विजय' वाचताना तीन प्रश्न विचारल्याशिवाय टाळी वाजवू नये. सभासद कोण होते? त्यांनी पर्याय म्हणून कोणती जागा पुढे केली? त्या पर्यायी जागी कोण राहत होते? हे तीन प्रश्न न विचारता लिहिलेला इतिहास म्हणजे संस्थेचे वार्षिक अहवाल एकत्र शिवलेले बाड.

२९/ सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये हेच हेची पुन्हा मोकळे करता येईल का, याचा केवळ आराखडा तयार करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. सुमारे ७७ टक्के मतदारांनी तो नाकारला. पर्यावरणप्रेमी म्हणून मिरवणारे हे शहर! पाणी नळातून येऊ लागले की खोरे विस्मरणात जाते. बुडालेली जागा कोणी पाहू शकत नाही, आणि न पाहिलेल्या जागेसाठी कोणी मत देत नाही. कोल्बीचे १९०१ चे गणित अजूनही तंतोतंत जुळते.

३०/ ग्लेन कॅन्यनमध्ये मात्र वेगळे घडत आहे. २००० पासूनच्या दीर्घ अवर्षणाने जलाशय खाली उतरला. २०२२-२३ च्या सुमारास तो भरल्यापासूनच्या नीचांकाला गेला. बुडालेल्या घळी वर आल्या, त्यांत पुन्हा झरे वाहू लागले, विलो आणि कॉटनवुडची रोपे उगवली. आता लोक तेथे जातात, छायाचित्रे काढतात आणि हरवलेली जागा सापडली म्हणून हरखतात. त्या छायाचित्रांखाली काय लिहायचे, हे पुढच्या पिढीने ठरवावे. 'कोणालाच ठाऊक नसलेली जागा' असे मात्र पुन्हा लिहू नये.